मशीन दिलं, मेकॅनिक कोण देणार?

तुमच्या ऑफिसातला प्रिंटर आठवा. आणला त्या दिवशी सगळा फ्लोअर त्याच्याभोवती गोळा झाला होता. तीन महिन्यांनी कार्ट्रिज संपलं. मग ॲडमिनला मेल, ॲडमिनचा व्हेंडरला मेल, व्हेंडरचं कोटेशन, कोटेशनचं अप्रूव्हल. तोवर तुम्ही शेजारच्या टीमच्या प्रिंटरवर गुपचूप प्रिंट्स काढत होतात. चिडचिड झाली, पण कुणाचा जीव धोक्यात आला नाही.

आता त्या प्रिंटरच्या जागी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऊब देणारा वॉर्मर ठेवून बघा. आणि शेजारच्या टीमचा वॉर्मर तीस-चाळीस किलोमीटरवर आहे असं समजा. रात्रीचे दोन वाजलेत. पाऊस आहे.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचा शनिवारचा ग्रुप. आम्ही बारा जण. निम्मे आयटीवाले, दोघी बँकेत, एक एचआर, एक आर्किटेक्ट वगैरे वगैरे, आणि मी, जिला एक तारखेला पगाराचा एसएमएस येत नाही. आमच्यातला एक जण मूळचा हसनाबादचा. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. जालना म्हटलं की आपल्याला स्टील, बियाणं, मोसंबी एवढंच आठवतं. यंदा त्यानं एकदम बॉम्बच टाकला. म्हणाला, गोव्याची ट्रिप कॅन्सल करू या. माणशी पंधरा हजार तिथं उडणारच आहेत, तेच आमच्या गावच्या दवाखान्याला देऊ.

बारा गुणिले पंधरा हजार. एक लाख ऐंशी हजार रुपये. गंमत म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही.

खरी धमाल पुढे सुरू झाली. काय द्यायचं? ग्रुपवर शॉपिंग साइटच्या लिंक्सचा पाऊस पडला. ईसीजी मशीन. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कुणीतरी चक्क सोनोग्राफीचं मशीन टाकलं, त्याला वेगळी नोंदणी लागते, कायदा लागतो, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आर्किटेक्टबाईंनी तर भिंतीवर लावायच्या पाटीचं डिझाइनसुद्धा पाठवलं. नावांचा फॉण्ट कुठला असावा यावर चाळीस मेसेज झाले. दवाखान्याला काय हवंय यावर एकही नाही.

आधी हिशेब समजून घेऊ

आपण ज्याला ढोबळपणे गावचा सरकारी दवाखाना म्हणतो, त्याचं सरकारी नाव प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात साधारण ३०,००० लोकांमागे एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक, असा नियम. चार ते सहा खाटा, बाळंतपणाची खोली, छोटी लॅब, औषधांची खिडकी आणि लसींचा फ्रिज. केंद्राच्या हाताखाली उपकेंद्रं. आपल्याकडे हा सगळा कारभार जिल्हा परिषदेकडे असतो.

पगार, औषधं, लसी यांचा पैसा वरून वेगळा येतो. पण नळ गळतोय, बॅटरी उतरलीय, बल्ब उडालाय, असल्या कामांसाठी केंद्राच्या स्वतःच्या हातात काय असतं? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यानं पहिल्यांदा असा पैसा थेट केंद्राला देऊ केला. त्या आराखड्यात वर्षाला २५,००० रुपये मुक्त निधी, ५०,००० देखभालीसाठी आणि १ लाख रुग्ण कल्याण समितीला, असे एकूण पावणेदोन लाख रुपये होते.

भागा ३०,००० नी. माणशी वर्षाला सहा रुपयेही येत नाहीत. एका कटिंगचे पैसेसुद्धा नाहीत, बॉस!

आता आमचे एक लाख ऐंशी हजार पुन्हा बघा. एका केंद्राच्या वर्षभराच्या मोकळ्या पैशापेक्षा ते जास्त आहेत. म्हणजे बारा नोकरदारांची एक ट्रिप खरंच फरक पाडू शकते. आणि चुकीच्या जागी गेली तर तितकीच वायाही जाऊ शकते.

टॉवेलखालचं मशीन

मध्यंतरी एका स्टोरीसाठी मी मराठवाड्यातल्याच एका केंद्रात गेले होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाहीच. बाळंतपणाच्या खोलीत कोपऱ्यात वॉर्मर होता. त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला, टॉवेलवर रजिस्टरांची चळत. बाजूला देणगीदारांच्या नावाची चकचकीत पाटी.

‘चालू नाही का?’ मी विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, मशीनला काही झालं नाही. बाळाच्या अंगाला लावायची वायर असते ना, तापमान दाखवणारी, ती तुटली. कुठं मिळते ते कुणालाच माहीत नाही. कंपनीचा नंबर लागत नाही.’

‘मग बाळ गार पडलं तर?’

‘आईच्या छातीशी ठेवतो, पांघरूण घालतो. बहुतेक वेळा भागतं.’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘नाही भागलं तर ॲम्ब्युलन्स.’

एवढुशी वायर. त्यापायी अख्खं मशीन टेबल होऊन बसलं होतं. देणाऱ्यांनी फोटो काढले, ते घरी गेले, त्यांच्या दृष्टीनं काम संपलं. सिस्टरांच्या दृष्टीनं ते तिथून सुरू झालं होतं.

सरकारी कार्यालयात अशी वस्तू आली की ती ज्या वहीत चढते तिचं नाव ‘डेड स्टॉक रजिस्टर’. अर्थ साधाच आहे, टिकाऊ वस्तूंची नोंद. पण तो टॉवेल बघितल्यापासून मला ते नाव हसण्यावारी नेता येत नाही.

हा काही फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. २०११ मध्ये लिन पेरी आणि रॉबर्ट माल्किन या अमेरिकी अभ्यासकांनी १६ गरीब देशांमधल्या १,१२,०४० वैद्यकीय यंत्रांच्या याद्या तपासल्या. सरासरी ३८.३ टक्के यंत्रं बंद होती. कारणं तीनच: शिकवलेला माणूस नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाणी धड नाही. भारत सरकारनंही आपल्या दवाखान्यांतली यंत्रं मोजली. २९,११५ ठिकाणी ७,५६,७५० यंत्रं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के बंद सापडली. त्यावरूनच २०१५ मध्ये यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. प्राथमिक केंद्रातलं यंत्र किमान ८० टक्के वेळ चालू राहिलंच पाहिजे, अशी त्यातली अट.

म्हणजे देशात यंत्रांवर कोट्यवधी खर्च झालेत. अडतंय ते वायरीपाशी.

आबांचा सवाल

आमच्या ग्रुपचं भांडण मिटेना तेव्हा हसनाबादकर मित्रानं सरळ गावी वडिलांना फोन लावला. स्पीकरवर. आबा शेतकरी आहेत. सगळ्यांनी आपापलं मशीन त्यांना समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हे बिघडल्यावर फोन कुणाला लावायचा?’

इकडे सन्नाटा.

‘नाही, म्हणजे मी विहिरीवर मोटार घेतो तेव्हा आधी बघतो, वायंडिंगवाला किती लांब आहे. मोटार काय, जळणारच. डीपीचा काय भरवसा नाही. ज्या कंपनीचा मेकॅनिक जवळ, ती मोटार चांगली.’

एमबीए झालेले तिघं जण आमच्यात आहेत. हा प्रश्न एकाच्याही लिस्टमध्ये नव्हता.

विजेचा मुद्दा तर आबांनी जाता जाता सांगितला, पण तो भयंकर महत्त्वाचा आहे. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहाव्या लागतात. त्यासाठी घरगुती फ्रिज चालत नाही, आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर लागतो. त्याच्या आत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो थंडावा धरून ठेवतो. म्हणजे कमी विजेचा विचार करूनच तो बनवलाय. आपण ऑनलाइन ऑर्डर करतो ती बहुतेक यंत्रं मात्र शहरातल्या हॉस्पिटलसाठी बनलेली असतात. व्होल्टेज वरखाली झालं की त्यांचं सर्किट आधी उडतं. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, अर्थिंग हे शब्द देणगीच्या पावतीवर फार ग्लॅमरस दिसत नाहीत, पण यंत्राचं आयुष्य तेच ठरवतात.

छत्तीसगडचं उदाहरण बघा. तिथं सरकारनं शेकडो प्राथमिक केंद्रांवर सोलर बसवलं. २०१७ मध्ये सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या संस्थेनं त्याचा अभ्यास केला. सोलर असलेल्या केंद्रांत महिन्याची बाळंतपणं विजेचा तुटवडा असलेल्या, सोलर नसलेल्या केंद्रांच्या जवळपास दुप्पट दिसली. फरकाला इतर कारणंही असतील, मान्य. पण रात्री दिवा लागेल याची खात्री असली की बाई तिथं यायला तयार होते, हे समजायला पीएचडी लागत नाही.

ज्यांनी उलटं केलं

मराठवाड्याला खेटूनच जामखेड आहे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दाम्पत्य तिथं आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जाऊन आलेले. परदेशातच सेटल व्हायला काय हरकत होती? पण त्यांनी दवाखाना सुरू केला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. आणि लवकरच त्यांच्या लक्षात आलं की इथली बहुतेक दुखणी मोठ्या मशीनची वाटच बघत नाहीत. त्यांना हवंय स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि वेळेवर कळणारं कुणीतरी. मग त्यांनी गावोगावच्या बायकांना शिकवलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. १९७१ मध्ये त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे मिळालं ते यासाठी.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं निमोनियावर काम करताना पाहिलं की बाळाचे श्वास मोजता आले तर आजार ओळखता येतो, पण गावातल्या दाईला आकडे येत नाहीत. यावर उपाय काय? त्यांनी मण्यांचं साधं श्वासमापक बनवलं. स्क्रीन नाही, चार्जर नाही, सॉफ्टवेअर अपडेट नाही. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आरोग्यदूताच्या पिशवीत होतं काय? वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, श्वास द्यायचा फुगा, काही औषधं. २०११ मध्ये सरकारनं हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली.

याचा अर्थ मशीन नकोच असा नाही हं. बाळाचा श्वास अडकला तर तो फुगा आणि मास्क लागतोच, रक्तस्राव झाला तर औषध आणि गाडी लागतेच. फक्त दोन्ही ठिकाणी क्रम उलटा होता. आधी माणूस, मग त्याला पेलेल असं साधन.

पण हे सरकारचं काम नाही का?

हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्येही आला आणि त्यात तथ्य आहे. आपण टॅक्स भरतो. पगारातून कापला जातो, म्हणजे टाळायचीही सोय नाही. मग दवाखान्याची बॅटरी आपण का घ्यायची?

माझं मत सांगते. डॉक्टरचा पगार, औषधं, इमारत हे सरकारचंच काम, आणि ते आपण अंगावर घेतलं तर सरकार खुशाल हात झटकेल. पण मधल्या फटी असतात. बिल मंजूर होईपर्यंतचे तीन महिने, संपलेला कागदाचा रोल, तुटलेली वायर. तिथं बाहेरचा पैसा उपयोगी पडतो. शिवाय पैसे देणाऱ्याला विचारायचा हक्क वाटायला लागतो. ‘आम्ही दिलेलं मशीन चालू आहे का?’ हा फोन दर तीन महिन्यांनी जरी गेला तरी तो देणगीइतकाच कामाचा.

तेव्हा तुमच्या ग्रुपलाही असली खुमखुमी आली, तर ऑर्डर द्यायच्या आधी हे पाच प्रश्न विचारा.

१. मागितलंय का? वैद्यकीय अधिकाऱ्याकडून लेखी यादी घ्या. सिस्टरांशी वेगळं बोला. बऱ्याचदा सिस्टरांची यादी छोटी आणि जास्त खरी असते.

२. आधीचं बंद पडलेलं काय आहे? नव्याच्या दशांश खर्चात जुनं चालू होत असेल, तर पाटी लागणार नाही पण बाळ वाचेल.

३. चालवणार कोण? ती व्यक्ती रजेवर गेली किंवा बदली झाली तर दुसरं कोण? निदान दोघांचं ट्रेनिंग विक्रेत्याकडून लिहून घ्या.

४. रोज खाणार काय? ईसीजीला रोल आणि जेल, कॉन्सन्ट्रेटरला फिल्टर आणि सततची वीज. ग्लुकोमीटर स्वस्त असतो, पट्ट्या नसतात. समजा दिवसाला वीस तपासण्या, महिन्याला पंचवीस दिवस. वर्षाला ६,००० पट्ट्या. पंधरा रुपयाला एक धरली तर ९०,००० रुपये. सरकारी पुरवठा किती आणि कमी किती पडतो, हे आधी कळायला हवं.

५. बिघडल्यावर फोन कुणाला? हा आबांचा प्रश्न. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये सर्व्हिस इंजिनीअर आहे का? पुण्या-मुंबईहून येणार असेल तर त्याचं येणं-जाणं कोण देणार? वॉरंटीनंतरच्या देखभाल कराराचं काय?

औषधं गोळा करून पाठवायची आयडिया असेल तर जरा दमानं. पोचताना औषधाची मुदत निदान वर्षभर बाकी असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. घराघरांतल्या अर्धवट स्ट्रिप्स म्हणजे मदत नाही, ती सफाई झाली, आणि त्या फेकायचं काम पुन्हा सिस्टरांच्याच गळ्यात.

पैसे जातात कसे?

रस्ता अवघड नाही. रुग्ण कल्याण समिती ही नोंदणीकृत असते आणि तिला देणगी घेता येते. रीतसर पावती घ्या, वस्तू दिलीत तर ती रजिस्टरला चढवून घ्या. नोंद नसलेल्या यंत्राची दुरुस्ती सरकारी पैशातून करायची तर अडचणच. एखाद्या संस्थेमार्फत देणार असाल तर तिची ८०-जी नोंदणी बघा. आणि हो, नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०-जीची सूट मिळत नाही, त्यामुळे मार्चमधली ती दानशूर घाई विसरा.

तुमच्या कंपनीकडेही बघा. २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आरोग्य त्यात येतं. एचआरला मेल टाकताना ‘मशीन द्या’ असं लिहू नका. ‘तीन वर्षांच्या देखभालीसकट द्या’ असं लिहा. या एका ओळीनं बजेट बदलतं.

आमचं काय ठरलं? मतदान झालं, सात विरुद्ध पाच. एक लाख ऐंशी हजारांपैकी साठ हजारांच्या वर पहिल्या वर्षी खर्च करायचे नाहीत, आणि तेही यादी हातात आल्यावरच. उरलेले दोन भाग पुढच्या दोन वर्षांसाठी, सुट्या भागांना आणि दुरुस्तीला. पाचांपैकी दोघांनी नाराज होऊन ग्रुप सोडला. त्यांना काहीतरी ‘दिसणारं’ द्यायचं होतं, आणि मला त्यांचा राग येत नाही. दिसणारं द्यावंसं सगळ्यांनाच वाटतं.

आर्किटेक्टबाईंनी पाटीचं नवीन डिझाइन पाठवलंय. आमची नावं गायब. मधोमध मोठ्या अक्षरांत फक्त एक रिकामी चौकट, खाली लिहिलंय: ‘बिघडल्यास फोन करा.’ चौकटीत भरायचा नंबर शोधायला हसनाबादकर येत्या शनिवारी गावी निघालाय. मी सोबत जातेय.